चार सकाळी

व्हिएन्नात आमच्या हातात चार सकाळी आहेत.
परतीच्या विमानाची पाचवी धरत नाही.
म्हणजे चार कॅफे,
आणि मृण्मयीने पाठवलेत सत्तावीस.

दौलतगंजात, तिसऱ्या मजल्यावर,
पंखा पाचवर ठेवून
मी आणि वहिनी यादीला कात्री लावतोय.
मी एकतीस वर्षं एजी ऑफिसात काढली,
दुसऱ्यांच्या खर्चावर आक्षेप घ्यायचा पगार मिळायचा मला.
लाल पेन अजून चालतं.

पहिला बाद. तळघरात आहे,
अठरा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला.
दुसऱ्याच्या दारात रांग.
रांगा आम्ही रॉकेलला लावल्या, गॅसला लावल्या,
हयातीच्या दाखल्याला दर नोव्हेंबरात लावतो.
केकसाठी नाही.
तिसऱ्याच्या खुर्च्या देखण्या, पण पाठच नाही त्यांना.
चौथ्यात म्हणे कुणी राणी येऊन बसायची.
"राण्यांची झुंबरं बघून झालीत आपली,"
वहिनी म्हणाली, "तिकीट काढून."

तिला आवडला तो सगळ्यांत मळका.
भिंती धुराने पिवळ्या,
वर्तमानपत्रं लाकडी दांड्यांना अडकवलेली,
आणि कॉफीशेजारी, न मागता, पाण्याचा पेला,
पेल्यावर पालथा चमचा.
"पाणी देतात बघ आधी," एवढं म्हणून
तिने एक अख्खं शहर पास केलं.

गुणाकार करायचा नाही, असं ठरलंय.
तरी किमतीपाशी तिचे ओठ हलतात.
"एवढ्यात किलोभर गजक येते गं."
मग थोड्या वेळाने,
"पण गजक काय, दर थंडीत येतेच."

आणि मग, चष्मा पुसता पुसता :
"तिथं नुसतं बसायचं म्हणजे करायचं काय?"

मी हसले. मग थांबले.
"घरी चहा मिळत नाही का?"
एवढंच विचारायचा दादा, आवाज न चढवता,
चाळीस वर्षं.
बाड्यावर उभ्याने उसाचा रस, तेवढा चालायचा.
मी तरी कुठे मोठी,
कँटीनमध्ये डबा उघडायचे, त्याला बसणं म्हणत नाहीत.

म्हणून काल रंगीत तालीम केली.
स्टेशनकडचं कॉफी हाउस. खिडकीचं टेबल. दोन कॉफी.
तुरेवाला वेटर पाणी ठेवून उभाच राहिला.
"और कोई आएगा, माताजी?"
वहिनीने दाराकडे पाहिलं.
मीही पाहिलं.
"नहीं," ती म्हणाली, "हम ही हैं।"

ठरला होता तास.
कॉफी आठ मिनिटांत संपली.
पर्स मांडीवरून टेबलावर, टेबलावरून
रिकाम्या खुर्चीवर, परत मांडीवर.
बाराव्या मिनिटाला तिने बिल मागवलं,
मी परत पाठवलं.
केव्हातरी तिने चपला काढल्या,
पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले,
आणि बाहेरच्या टेम्पोंकडे बघत बोलली :

"तेराव्याला एक गृहस्थ आले होते, आठवतात?
मफलरवाले.
म्हणाले, भालचंद्रराव तीन चमचे साखर घालायचे.
मी म्हटलं, छे, ते तर बिनसाखरेचा घेतात.
ते म्हणाले, घरी घेत असतील."

मला माहीत नव्हतं.
तिने ही गोष्ट सहा वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

"कुठल्या टेबलाशी बसायचा कोण जाणे,"
असं म्हणून तिने साखरदाणी जवळ ओढली,
उघडली, आत बघितलं, बंद केली.
मग दुसरी कॉफी मागवली.
आम्ही एक तास चाळीस मिनिटं बसलो.

आज सकाळी तीन नावं पक्की झाली.
मळका पहिला.
चौथी ओळ तिने कोरी ठेवायला लावली :
"तिथं गेल्यावर, रस्त्यात,
जिथं पाय दुखतील तिथं."

ऑडिटला असं चालत नाही.
मी लाल पेनाला टोपण लावलं
आणि पंखा एकने कमी केला.